वायू एकच, मग दुधाची पिशवी नरम आणि स्प्रिंकलरचा पाइप कडक कसा?

गेल्या मे महिन्यात चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. शेजारचे जिभाऊ ओट्यावर ठिबकच्या नळीचं वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते. नळी आणून दोनच उन्हाळे झालेले, आणि ड्रिपरच्या अगदी कडेला, नखाने ओढावी तशी बारीक चीर. एका ठिकाणी नाही, जागोजाग. त्या दिवसांत केळीचं एक पाणी चुकलं तरी पानं लगेच सांगतात. जिभाऊंनी नळीचा तुकडा कापला, शेजारी दुधाची रिकामी पिशवी ठेवली, स्प्रिंकलरच्या जुन्या पाइपचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, दुकानवाला म्हनस तिन्ही पॉलिथिनच शेतस. मंग एक नरम, एक कडक अन् एक फुटस काब?"

मी काही वर्षं पाइपच्या कारखान्यात, तिथल्या टेस्टिंग लॅबमध्ये काम केलं आहे. रोज हेच तपासत होतो, तरी इतक्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दुकानदार खरं बोलत होता. तिन्ही वस्तू इथिलीन नावाच्या एकाच वायूपासून बनतात. सावदा-रावेरकडे रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला सोडतात तोच हा वायू. पिकणारं केळं स्वतःही तो सोडत असतं. या वायूचं प्लास्टिक होत असताना भांड्यातला दाब किती होता, उष्णता किती होती, सोबत कोणता उत्प्रेरक होता, हायड्रोजन किती सोडला होता, यावर पुढचं सगळं ठरतं. नंतर त्याला आकार देता येतो, रंग देता येतो. स्वभाव मात्र जन्माच्या वेळी पडलेला असतो.

आधी पॉलिमर म्हणजे काय ते थोडक्यात. इथिलीनच्या रेणूत दोन कार्बन आणि चार हायड्रोजन असतात. दोन्ही कार्बनांनी एकमेकांना दोन-दोन हातांनी धरलेलं असतं. त्यातला एक हात सुटला की तो शेजारच्या रेणूला धरतो, मग त्या रेणूचा एक हात मोकळा होतो आणि तो पुढच्याला धरतो. असे हजारो रेणू ओवले गेले की माळ तयार होते, तीच पॉलिमर, आणि वायूचा घन पदार्थ होतो. माळेत मणी किती, माळेला फांद्या किती आणि माळा एकमेकींना किती खेटून बसतात, या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर जिभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

पऱ्हाटी आणि कडबा

मार्च १९३३. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांची क्रिया घडवून पाहत होते. तापमान १७० अंश सेल्सिअस, दाब सुमारे १,९०० वातावरणांचा. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच वातावरण असतो, त्यावरून कल्पना करा. हवी होती ती क्रिया झालीच नाही, पण भांड्यात मेणासारखा पांढरा थर सापडला. तो पुन्हा मिळवायला गेले तर कधी मिळे, कधी नाही, आणि कधी भांड्यात स्फोटच होई. १९३५ च्या डिसेंबरात मायकेल पेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो खात्रीने मिळवता आला, आणि मग किल्ली सापडली: इथिलीनमध्ये नकळत मिसळलेला किंचित ऑक्सिजन. अजिबात नसला तर माळ सुरूच होत नाही, जास्त झाला तर क्रिया हाताबाहेर जाते. १९३९ मध्ये कारखान्यात उत्पादन सुरू झालं.

हेच ते एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन. आजही ते दीडशे ते तीनशे अंश तापमानात आणि हजार ते तीन हजार वातावरण दाबाखालीच करतात. एवढ्या उष्णतेत माळेचं वाढतं टोक फार चंचल असतं. सरळ पुढचा मणी धरण्याऐवजी ते कधी कधी मागे वळतं आणि स्वतःच्याच अंगावरचा, चार-पाच कार्बन मागचा हायड्रोजन ओढून घेतं. मग माळ तिथून वाढू लागते आणि सुटलेलं टोक आखूड फांदी होऊन राहतं. कधी ते टोक दुसऱ्याच माळेचा हायड्रोजन पळवतं, तेव्हा त्या दुसऱ्या माळेला लांबलचक फांदी फुटते. तापमान वाढवलं की फांद्या वाढतात. दाब वाढवला की फांद्या कमी होतात आणि माळ लांबते. रिॲक्टर, म्हणजे हे क्रियेचं भांडं, चालवणारा माणूस या दोन चाकांवरच पिशवीचा नरमपणा ठरवत असतो.

फांद्यांनी एवढा फरक का पडावा? कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून आपण बांधावर रचतो. कितीही दाबा, ढीग फुगलेलाच राहतो, कारण प्रत्येक पऱ्हाटीला चहूबाजूंनी फांद्या. दादर ज्वारीच्या कडब्याचं तसं नाही. ताटं सरळ, त्यामुळे पेंढीला पेंढी चिकटून गंजी घट्ट बसते. एलडीपीईच्या माळा म्हणजे पऱ्हाट्या. दर हजार कार्बनमागे वीस-तीस फांद्या असल्या की माळा एकमेकींजवळ येऊ शकत नाहीत, मधे पोकळी राहते. म्हणून ते हलकं, नरम आणि पारदर्शक, आणि ११० अंशांच्या आसपासच वितळतं. दुधाच्या पिशवीला हेच हवं असतं: वाकावी, चुरगळावी, मशीनवर झटकन सील व्हावी.

कडब्यासारखं सरळ पॉलिथिन यायला आणखी वीस वर्षं जावी लागली. जर्मनीतल्या म्यूल्हाइम गावी कार्ल झिग्लर हे ॲल्युमिनियमच्या संयुगांच्या मदतीने इथिलीनच्या माळा वाढवत होते. एकदा माळ वाढण्याऐवजी दोनच रेणू जोडून क्रिया थांबली. हे का झालं, ते त्यांनी सोडून दिलं नाही. शोधता शोधता आढळलं की भांड्यात आधीच्या कामातून निकेलचा अंश राहून गेला होता. एवढ्याशा धातूने जर माळ तुटते, तर दुसरा एखादा धातू ती लांबवतही असेल, असं म्हणून त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एकेक धातू तपासायला घेतला. १९५३ मध्ये टायटॅनियम क्लोराइडने ते घडवलं, आणि तेही हवेच्या साध्या दाबाला, साध्या भांड्यात. हजारो वातावरण दाबाची गरजच उरली नाही. या शोधासाठी झिग्लर आणि इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांना १९६३ चं नोबेल मिळालं.

या पद्धतीत माळेचं टोक मोकळं नसतं. ते धातूच्या अणूला बांधलेलं असतं आणि प्रत्येक नवा मणी धातू आणि माळ यांच्या मधे शिरतो, खुंट्याला बांधून दोर वळत जावा तसा. टोकाला मागे वळून फांदी फोडायची संधी मिळत नाही. माळा जवळजवळ सरळ निघतात, दाट बसतात आणि त्यांचे स्फटिक मोठे होतात. हे एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, जिभाऊंच्या स्प्रिंकलरचा पाइप. दर घन सेंटिमीटरला एलडीपीई ०.९२ ग्रॅम भरतं, तर हे ०.९५ च्या आसपास. आकडे वाचताना फरक किरकोळ वाटतो, पण हातात घेतल्यावर एक पिशवी असते आणि एक पाइप. ज्या ऑक्सिजनने १९३३ मध्ये माळ सुरू करून दिली, तो इथे चालत नाही. हवेचा किंवा ओलाव्याचा अंश शिरला की टायटॅनियमचा उत्प्रेरक मरतो, आणि त्याच्या जोडीचं ॲल्युमिनियमचं संयुग तर हवेत उघडं पडताच पेट घेतं.

मग नळीला चीर का पडली?

जिभाऊंचा हा खरा प्रश्न होता. कडक म्हणजे टिकाऊ, असं आपल्या मनात बसलेलं असतं. पाइप विकत घेताना माणूस आधी नखाने दाबून पाहतो. प्लास्टिकमध्ये मात्र कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याचदा एक वाढवली की दुसरी घटते.

सरळ माळा घड्या घालून आपापल्या स्फटिकात, म्हणजे आपापल्या पेंढीत, नीट बसतात. इतक्या नीट बसतात की शेजारच्या पेंढीत जाणारं टोक उरत नाही. पेंढ्या कडक, पण दोन पेंढ्यांमधे बंध नाहीत. अशा प्लास्टिकला सतत थोडा थोडा ताण बसत राहिला की पेंढ्यांच्या मधून चीर सरकत जाते. ड्रिपरची कड म्हणजे नेमकी ताणाची जागा. वर आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना, काळी नळी आणि उन्हात तापलेली माती.

म्हणून ठिबकच्या नळीला तिसऱ्याच प्रकारचं पॉलिथिन लागतं, एलएलडीपीई, म्हणजे सरळ माळेचं कमी घनतेचं पॉलिथिन. जन्म झिग्लरच्या पद्धतीनेच, पण रिॲक्टरमध्ये इथिलीनबरोबर थोडं ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन सोडतात. हे मणी माळेत ओवले जाताना त्यांची शेपटी बाहेर लोंबती राहते. माळ लांब आणि सरळ, त्यावर मधे मधे आखूड फांद्या. फांदी आली की तेवढा भाग स्फटिकात बसत नाही; मग तीच माळ थोडी एका पेंढीत, थोडी बाहेर आणि पुढची दुसऱ्या पेंढीत जाऊन बसते. दोन पेंढ्यांना आवळणारा बंध आपोआप तयार होतो. ब्युटीनची फांदी दोन कार्बनांची, हेक्झीनची चारांची, ऑक्टीनची सहांची. फांदी जितकी लांब, तितकी ती स्फटिकात शिरायला अवघड आणि बंध तितके जास्त. ऑक्टीनचा माल महाग पडतो तो काही उगाच नाही.

लॅबमध्ये ही गोष्ट डोळ्यांनी दिसायची. प्लास्टिकची छोटी पट्टी घ्यायची, तिला ब्लेडने ठरावीक खोलीची खाच पाडायची, पट्टी वाकवून पितळी चौकटीत अडकवायची आणि ५० अंशांच्या साबणासारख्या द्रावात उभी करून ठेवायची. साबण पॉलिथिनला विरघळवत नाही, पण ताणाखाली असलेल्या चिरेत शिरून ती पुढे सरकायला मदत करतो. चुकीच्या मालाची पट्टी काही तासांतच कडेला पांढुरकी पडायची आणि मग खाचेपाशी आडवी चीर जायची, आवाज न करता. चांगल्या मालाची पट्टी दिवसामागून दिवस तशीच वाकून उभी. दोन्ही पट्ट्या काळ्या, दोन्ही गुळगुळीत. बाहेरून कुणालाही ओळखता येणार नाहीत.

माळेची लांबीही इथे येते. धातूच्या उत्प्रेरकावर ती ताब्यात ठेवायला रिॲक्टरमध्ये हायड्रोजन सोडतात. हायड्रोजन माळेचं टोक धातूपासून सोडवतो आणि धातू नवी माळ सुरू करतो. हायड्रोजन जास्त म्हणजे माळा आखूड, कमी म्हणजे लांब. लांबीचा परिणाम किती असावा? माळेची सरासरी लांबी दुप्पट केली की वितळलेल्या प्लास्टिकचा घट्टपणा साधारण दहापट होतो. वाळलेल्या शेवयांचा चुरा वाटीतून सहज ओतता येतो, पण लांब शेवयांचा गुंता एक ओढला की सगळा येतो, तसंच हे. आमच्याकडे मेल्ट फ्लोचं यंत्र होतं: १९० अंशांना वितळलेल्या मालावर २.१६ किलोचं वजन ठेवायचं आणि दोन मिलिमीटरच्या छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम माल खाली येतो ते तोलायचं. आकडा मोठा आला की माळा आखूड. असा माल मशीनवर भराभर चालतो, उत्पादन वाढतं, पण पाइप लवकर फुटतो. लांब माळांचा माल मशीनला जड जातो, पण शेतात टिकतो. कारखानदार आणि शेतकरी यांची ओढाताण या एका आकड्यात दिसते.

यावर काढलेला तोडगा मला मनापासून आवडतो. पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या लाइनसाठी जे पीई-१०० नावाचं पॉलिथिन वापरतात, ते बहुतेकदा एकापुढे एक जोडलेल्या दोन रिॲक्टरांत करतात. एकात हायड्रोजन भरपूर, तिथे आखूड सरळ माळा होतात; त्या पेंढ्या बांधतात आणि मशीनवर वाहायला मदत करतात. दुसऱ्यात हायड्रोजन जवळजवळ नाही, पण फांदीचे मणी आहेत, तिथे खूप लांब माळा होतात आणि त्या पेंढ्यांना बंध घालतात. दोन्ही एकाच कणात मुरलेल्या. त्यातल्या १०० चा अर्थ असा, की २० अंश तापमानात ५० वर्षं टिकण्याच्या हिशेबाने हा माल किमान १० मेगापास्कल ताण सोसतो. याच वायूच्या माळा आणखी कितीतरी लांब, रेणुभार तीस-चाळीस लाखांच्या घरात जाईल एवढ्या वाढवल्या, की गुडघ्याच्या आणि खुब्याच्या कृत्रिम सांध्यात बसवतात ते पॉलिथिन तयार होतं.

जिभाऊंची नळी बिनमार्कची होती. वितळवून पुन्हा वापरलेला माल त्यात असणार, असा माझा अंदाज, आणि काजळी कमी. पॉलिथिनच्या नळीत साधारण दोन-अडीच टक्के बारीक काजळी एकसारखी मिसळलेली असावी लागते, कारण उन्हातले अतिनील किरण माळा तोडतात आणि काजळी ते किरण स्वतःवर घेते. नळी काळी दिसते म्हणजे काजळी पुरेशी आहे, असं होत नाही. थोड्याशा काजळीनेही रंग काळाच येतो.

पीव्हीसीत एकेका अंशाची किंमत

जळगावचं नाव पाइपांमुळे सगळीकडे झालं, पण पाइपाचं रेझिन आपल्याकडे जन्मत नाही. ते पांढऱ्या पावडरच्या रूपात गोण्यांमधून येतं आणि इथे त्याला पाइपाचा आकार मिळतो. गोणीवर के-६७ किंवा के-५७ असं लिहिलेलं असतं. कामगार त्याला नुसतं "सदुसष्ट" म्हणतात. तो आकडा म्हणजे माळेच्या लांबीचं माप, आणि तो ठरतो रिॲक्टरच्या तापमानावर.

घरात लग्न असलं की झेंडूची टोपली मधे ठेवून मुली माळा ओवायला बसतात. चार बसल्या तर लांब माळा होतील, चाळीस बसल्या तर फुलं तेवढीच आणि माळा आखूड. बहुतेक पॉलिमरमध्ये असंच चालतं. क्रिया सुरू करून देणारं रसायन, त्याला आरंभक म्हणू, चौपट घातलं की माळ साधारण निम्मी होते. पीव्हीसीचं वेगळं आहे. इथे ओवणारीच्या हातून माळ मधेच सुटते आणि टोपलीतलं पुढचं फूल नव्या माळेचं पहिलं फूल होतं. ती किती वेळा सुटते हे मुलींच्या संख्येपेक्षा उष्णतेवर अवलंबून. म्हणून ५७ अंशांच्या आसपास क्रिया केली की पाइपाचं के-६७ मिळतं आणि ७० च्या घरात नेली की के-५७, ज्याच्या एल्बो आणि टी साच्यात ओततात. फिटिंगच्या साच्यात माल कानाकोपऱ्यात पोचायला हवा, म्हणून तिथे आखूड माळाच बऱ्या. तेरा अंशांत पाइपाचं फिटिंग होतं म्हटल्यावर एक-दोन अंशांची चूकही गोणीवरचा आकडा हलवणार.

आणि तापमान एका जागी धरणं सोपं नाही, कारण माळ ओवली जाताना उष्णता बाहेर पडते. एक किलो व्हिनाइल क्लोराइडचं पीव्हीसी होताना जेवढी उष्णता निघते, तेवढीत पाच लिटर साधं पाणी उकळायला लागेल. इथिलीनला तर त्याच्या दुपटीहून जास्त. रिॲक्टरमध्ये असे कित्येक टन असतात. म्हणून पीव्हीसी पाण्यात करतात. व्हिनाइल क्लोराइड एरवी वायू, उणे १३ अंशांनाच उकळणारा. दाबाखाली त्याचा द्रव करून पाण्यात घुसळतात, त्याचे बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटा रिॲक्टर. निघालेली उष्णता पाणी शोषून घेतं. ताक करताना रवी कशी फिरते यावर लोण्याचे कण ठरतात, तसं इथे घुसळण्याचा वेग आणि पाण्यात घातलेलं थेंब सांभाळणारं रसायन यांवर पावडरचा कण ठरतो. कण सच्छिद्र झाला तर पुढे स्टॅबिलायझर, म्हणजे उष्णतेत माळ सांभाळणारं रसायन, आत मुरतो आणि उरलेला वायू बाहेर काढता येतो. कण काचेच्या गोटीसारखा घट्ट झाला तर दोन्ही अवघड. हा वायू काढून टाकणं फार महत्त्वाचं आहे. पीव्हीसीच्या कारखान्यांतल्या कामगारांना होणाऱ्या यकृताच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी त्याचा संबंध १९७४ मध्ये उघड झाला, आणि तेव्हापासून रेझिन वाफेने धुऊन काढण्याची पद्धत कडक झाली.

आणखी एक. सगळा वायू संपेपर्यंत क्रिया ताणत नाहीत, ८५-९० टक्क्यांवर थांबवतात आणि उरलेला वायू परत गोळा करतात. शेवटी शेवटी ओवायला फुलं कमी उरतात आणि माळेत चुका वाढतात: कुठे क्लोरीन चुकीच्या जागी, कुठे दुहेरी बंध. अशा जागा पुढे पाइप ओढताना १८०-१९० अंशांच्या उष्णतेत आधी तुटतात, हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं आणि पांढरा पाइप पिवळा, मग तपकिरी होतो. पाइपच्या मशीनवर पिवळी रेघ आली की आम्ही मशीनचं तापमान पाहायचो, आणि ते बरोबर असलं तर गोणीचा बॅच नंबर.

याच जागी शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. पीव्हीसी पाइपवर छापलेला दाब २७ अंश तापमानासाठी असतो. उन्हात उघडा पडलेला पाइप त्याहून खूप तापतो आणि त्याची ताकद तेवढी उतरते. पाइप गाडायला सांगतात ते निव्वळ ट्रॅक्टरच्या चाकासाठी नाही.

चटईबद्दल थोडक्यात. जळगावची चटई पॉलिप्रोपिलीनची. तिच्या मण्याला एक कार्बनची शेपटी असते. सगळ्या शेपट्या एका बाजूला आल्या तर १६० अंशांपुढे वितळणारा मजबूत धागा मिळतो. वाटेल तशा आल्या तर चिकट, डिंकासारखा गोळा, ज्यावर बसताही येणार नाही. वजन तेवढंच, रसायन तेच. शेपट्या एका बाजूला लावणारा उत्प्रेरक नाट्टा यांनी १९५४ मध्ये वापरला, आणि तो नसता तर आपल्या एमआयडीसीतले चटईचे माग उभेच राहिले नसते.

मांड्याची कणीक

आतापर्यंतच्या माळा सुट्या होत्या. माळांना एकमेकींशी गाठी मारल्या की वेगळीच दुनिया सुरू होते, आणि ती आमच्या घरात मी रसायनशास्त्र शिकण्याआधीपासून पाहत आलो आहे.

आई खापरावरचे मांडे करायची त्या दिवशी सकाळपासून परातीशी बसलेली असे. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, त्यात पाणी एकदम नाही, हाताने शिंपडत शिंपडत. कणीक मळायची, आपटायची, पुन्हा पाण्याचा हात, पुन्हा आपटायची. सुरुवातीला ती तुटायची. तासाभराने तिचा गोळा हातावरून लोंबू लागायचा आणि तरी तुटायचा नाही. मग पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत रुमालाएवढा मोठा आणि पातळ करून चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायची. मावशीने एकदा घाईत मळणं कमी केलं, तर पुरण मधूनच फाटून खाली आलं. पीठ तेच, खापर तेच.

गव्हाची प्रथिनं म्हणजे निसर्गाने केलेल्या पॉलिमर माळाच. पाणी मिळालं की त्या उलगडतात, मळण्याने ताणल्या जाऊन शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्यातले गंधकाचे अणू एकमेकांना धरून जाळं विणतात. पाणी कमी तर माळा उलगडत नाहीत. मळणं कमी तर जाळं अपुरं. आणि कणीक झाकून ठेवतात ती त्यासाठीच, की ताणलेलं जाळं सैल पडावं, नाहीतर मांडा हातावर आखडतो. पाणी, जोर आणि वेळ या तीन गोष्टी आई बोटांनी मोजत होती.

रबराचंही असंच. कच्चं रबर उन्हात चिकट होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापवलं आणि माळांना गंधकाच्या गाठी पडल्या. गंधक दोन-तीन टक्के असला तर ताणून परत येणारं रबर, तीस टक्क्यांच्या पुढे गेला तर एबोनाइट, लाकडासारखं टणक. जुन्या कुकरच्या काळ्या मुठीचं बेकेलाइट फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडचं. ते अल्कलीत, फॉर्माल्डिहाइड जास्त घालून केलं तर नुसत्या उष्णतेने स्वतःच कडक होतं. ॲसिडमध्ये, फॉर्माल्डिहाइड कमी ठेवून केलं तर वेगळं हार्डनर घालेपर्यंत ते वितळत राहतं.

पाण्याच्या बाटलीच्या पीईटीत तर टक्केवारीचा खेळ आहे. तिथे दोन प्रकारचे रेणू एकमेकांना जोडले जाताना बारीकसा रेणू बाहेर पडतो आणि तो हटवत राहिलं तरच माळ वाढते. नव्वद टक्के जोडण्या झाल्या तर माळ सरासरी दहा मण्यांची, ९९ टक्क्यांना शंभराची, ९९.५ ला दोनशेची. म्हणजे शेवटच्या अर्ध्या टक्क्यात माळ दुप्पट होते. त्यासाठी क्रियेच्या अखेरीस निर्वात लावून तो रेणू ओढून घेतात. पॉलिएस्टरच्या कापडाला त्यापेक्षा आखूड माळ चालते. बाटलीसाठी मात्र तयार दाणे वितळू न देता तासन्‌तास गरम ठेवून माळ आणखी वाढवावी लागते.

एवढं सगळं ऐकून जिभाऊंनी ओट्याखालची बादली पुढे ओढली. मी त्यांना एवढंच करून दाखवलं: तिन्ही तुकडे पाण्यात टाकले, तिन्ही तरंगले. विहिरीवरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकला, तो तळाला गेला. पॉलिथिन पाण्याहून हलकं आणि पीव्हीसी जवळजवळ दीडपट जड, एवढं बादली सांगते. तरंगणाऱ्या तिघांतलं कोण टिकणार, ते तिला सांगता येत नाही. त्यासाठी नळीवर छापलेला आयएस १२७८६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआयची खूण पाहायची, आणि पक्कं बिल घ्यायचं.

"मंग हाई नळी वितळाई देवो तं पह्यलेसारखी व्हई का?" त्यांनी शेवटी विचारलं. नाही होणार. उन्हाने आणि उष्णतेने तुटलेल्या माळा वितळवून परत जुळत नाहीत, प्रत्येक वेळी मशीनमधून जाताना त्या आणखी आखूड होतात. तुटलेला दोर वितळवून सांधायला ज्या परिस्थितीत तो वळला गेला ती परत लागेल, आणि ती भट्टीत नसते. नळ्या भंगारवाल्याकडे किलोवर गेल्या. त्यांच्या कचऱ्याच्या पिशव्या होतील, किंवा दाब नसलेल्या एखाद्या कामाचा पाइप. जिभाऊंनी मात्र चीर पडलेला तो वीतभर तुकडा कापून ठेवून घेतला, पुढच्या खरेदीला दुकानदाराच्या टेबलावर ठेवायला.